लॅकरखालचे डाग

ये गं मयुरी, अशी जवळ सरक. फोनवर तुला ओरडून माझं समाधान झालं नाही, म्हणून आता लिहून तुला समोर बसवते आहे. चिंच लावलीस? त्या पितळी ढालीला चिंच आणि मीठ? आणि वर मलाच विचारतेस, "आत्या, किती घासलं तरी डाग जात नाहीत गं, काय लावू?" अगं बाई, दिवाळीला आलीस, माझ्या भिंतीवरून ती हौसेनं काढून नेलीस, नव्या फ्लॅटच्या दारात लावते म्हणालीस. मी नाही म्हटलं नाही. तुझ्या आजोबांच्या हातची वस्तू, हक्कच आहे तुझा. पण एका शब्दानं विचारायचं होतंस की हे डाग कसले. मीही तशीच. सांगायचं राहिलं म्हणते, पण खरं तर सांगायला तोंड उघडेना. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की जिभेखाली आंबट पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं ना, तसं. तेव्हा ती चिंच बाजूला ठेव, हात धू आणि ऐक.

आम्ही तेव्हा सातपूरला राहायचो, कंपन्यांच्या मागच्या वस्तीत. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. तुझा बाप निफाडला आजीकडे शिकायला होता, म्हणजे घरात आप्पा, आई आणि मी. मी बारावीला गणितात आपटले होते आणि घरी बसून रंगकाम करायचे. आप्पा पॅटर्नमेकर. म्हणजे बघ, पितळ ओतायचं तर वाळूत साचा उठवावा लागतो, आणि साचा उठवायचा तर तीच वस्तू आधी लाकडात कोरलेली लागते. ती लाकडातली वस्तू आप्पा कोरायचे, बरेचदा घरीच, पडवीत बसून. सकाळी पहिल्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आधी त्यांची पटाशी सुरू व्हायची, ठक ठक ठक, मग थांबून एक फुंकर, मग परत ठक ठक. सागाचा भुसा भाकरीच्या पिठात जायचा म्हणून आई परातीवर पदर धरून पीठ मळायची आणि पुटपुटायची. त्याहून वाईट म्हणजे सरस. लाकडाचे तुकडे चिकटवायला आप्पा सरस शिजवायचे, जनावरांच्या हाडाकातड्याचा, तोही आईच्याच स्टोव्हवर. मेलेल्या उंदरासारखा वास. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, भाजलेली सुकट, काहीही खा, नाकात सरस. पण खरं सांगते, त्या वासाची मला कधी किळस आली नाही. किळस कशाला म्हणतात ते मला नंतर कळलं, आणि ते एका स्वच्छ, सारवलेल्या, उदबत्तीच्या वासाच्या अंगणात कळलं.

आप्पा ज्या शेठकडे कामाला होते त्यांचा कारखाना मोठा नव्हता. पंपाचे भाग, देवळाच्या घंटा, शाळांच्या ढाली, मिळेल ते ओतायचे. त्या वर्षी त्यांना जहाजांच्या क्रेस्टचं काम मिळालं. नौदलाच्या प्रत्येक जहाजाला आपलं एक मानचिन्ह असतं, ते पितळेत ओतून, रंगवून जहाजावर लावतात. नाशिकला समुद्र कुठला! आप्पांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण चित्राचा कागद आला आणि ते आठवडाभर त्याच्यापुढून हलले नाहीत. मला शेजारी बसवून पेन्सिलीच्या टोकानं एकेक गोष्ट दाखवली. सगळ्यात वर सारनाथचे सिंह. "पूर्वी इंग्रजाच्या काळात इथं मुकुट असायचा," आप्पा म्हणाले, "त्या मुकुटावर एक शीड, एक गलबताची पिछाडी, परत शीड, परत पिछाडी, असं बसवलेलं. इंग्रज गेला, मुकुट उतरला, आणि तिथं आपले सिंह बसले." 'आपले' म्हणताना त्यांनी सहज मागे भिंतीकडे पाहिलं, तिथे बुद्धाची तसबीर होती. सिंहांच्या खाली जहाजाच्या नावाची पट्टी. मग गोल, त्याच्या कडेनं कमळकळ्यांची माळ. गोलात समुद्र, म्हणजे आडव्या नागमोडी रेघा, एक पांढरी, एक निळी. समुद्र असाच काढायचा असतो, पाण्यासारखं पाणी काढलं तर ते चालत नाही. आणि मधोमध त्या जहाजाचा स्वभाव. कुणाचा वाघ, कुणाची तलवार. आमचं जहाज लहान आणि चपळ, त्याचा स्वभाव खंड्या पक्षी, सूर मारतानाचा.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बोटीला काय लग्नाला जायचंय? बाशिंग कशाला तिला?"

"अगं, जहाजाला आडनाव नसतं ना," आप्पा म्हणाले. "बंदरात शेजारी दुसरं येऊन उभं राहिलं, तर हे कोण, कुठलं, ते ह्याच्यावरून कळायचं."

"घ्या!" आईनं भाकरी उलटली. "नुसत्या नावावर बोटीचंसुद्धा भागत नाही म्हणायचं."

कागदावरचे सिंह आप्पांना पसंत पडेनात. कुत्र्यासारखे दिसतात म्हणाले. म्हणून एका रविवारी मला लुनावर मागे बसवून लेण्यांवर घेऊन गेले. लोक पांडवलेणी म्हणतात, आपल्याकडे त्रिरश्मी म्हणतात. तिथे खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेली जनावरं कोरली आहेत. आप्पा ओसरीत सरळ आडवे झाले, पाठीवर, डोक्याखाली पायताण घेऊन, आणि वर बघत राहिले. पहारेकरी आला. "ओ काका, इथं झोपायला आलात का?" आप्पा जागचे न हलता म्हणाले, "झोपलो नाही हो, मोजतोय." मग मला म्हणाले, "सिंह चार असतात, दिसतात तीन. कोरायचे तीनच. पण चौथा मागं बसलाय हे हाताला माहीत पाहिजे, नाहीतर पुढचे तिघं भिंतीला चिकटवल्यासारखे दिसतात." खंड्या मात्र त्यांनी आमच्याच नदीवर पाहिला, वस्तीच्या मागे, कंपन्यांच्या पाण्यानं कधी जांभळी तर कधी पिवळी वाहणाऱ्या त्या नंदिनीवर. फेसाच्या पाण्यात सूर मारून तो पक्षी एवढासा मासा घेऊन वर यायचा. मी नाक दाबून उभी असायची आणि आप्पा म्हणायचे, "मान बघ त्याची. आधी मान जाते, मग पंख मिटतात."

असा तो नमुना झाला. पितळ ओतलं गेलं. हरसूलकडचा किसन बफिंगवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर होता, त्यानं असं चकचकीत केलं की सिंहांच्या आयाळीत कारखान्याची ट्यूबलाइट दिसायची. निळ्या-पांढऱ्या लाटा मी भरल्या, कमळकळ्यांच्या मधल्या फटी मी रंगवल्या, श्वास रोखून. राहिला एक लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा हात. तो मारेपर्यंत पितळ उघडं असतं. उघड्या पितळेला बोट लागलं तरी दुसऱ्या दिवशी बोटाची खूण उमटते. आप्पांच्या तळहातांना आधीच घाम फार, म्हणून आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याशिवाय ते त्या वस्तूला शिवायचे नाहीत. हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. पुढे त्यांच्यावर उलटलं ते हेच.

शेठच्या घरची रीत अशी, की नव्या कामाचा पहिला नग त्यांच्या आईनं, माईंनी पुजायचा आणि मगच तो गावाबाहेर जायचा. त्या गुरुवारी मुहूर्त निघाला. आप्पा म्हणाले, "शेठ, एक दिवस थांबा. लॅकर बसू द्या." शेठ म्हणाले, "मिस्त्री, मुहूर्त तुझ्या लॅकरसाठी थांबतो का? उद्या मार." मग काय, फडक्यात गुंडाळून ती ढाल माझ्या मांडीवर, मी लुनावर, आणि आम्ही गंगापूर रोडच्या बंगल्यावर. आप्पा फाटकाशी थांबले. मला म्हणाले, तूच दे, तू रंग भरलेत, माईंना सांग.

माई पायरीवरच आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, चेहरा इतका प्रेमळ की मी मनात म्हटलं, ह्यांना नक्की आवडणार. मी फडकं सोडलं. माई बघतच राहिल्या. "अगंबाई! किती सुरेख गं. हे रंग तू भरलेस?" मी हो म्हटलं. "गुणाची आहेस. नाव काय?" मी सांगितलं. "आणि आडनाव?" तेही सांगितलं.

"असं होय," माई म्हणाल्या. बस, एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. "ठेव तिथंच, पायरीवर. आत नको आणूस." मग आतून एक लहान लोटा घेऊन आल्या, त्यात तुळशीची काडी बुडवली आणि माझ्यासमोर, माझ्या देखत, त्या सिंहांवर शिंपडलं. एकदा, दोनदा, तीनदा. वास आला आणि मला कळलं. आमच्या वस्तीमागे गवळ्याचा गोठा होता, गोमूत्राचा वास मला कुणी शिकवायला नको होता. माई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "कुणाकुणाचे हात लागलेले असतात, शुद्ध करून घेतलेलं बरं." मग कोरडं हळदकुंकू, अक्षता, एक फूल. आणि वळून मला म्हणाल्या, "हात पुढं कर." मी केला. वीतभर उंचीवरून, माझा स्पर्श होऊ न देता, त्यांनी माझ्या तळहातावर पेढा टाकला. त्याचा टप्प असा आवाज झाला.

तो पेढा मी खाल्ला, मयुरी. फेकून दिला असं लिहिता आलं असतं, तुला कुठे कळणार होतं! पण मी तिथेच उभ्या उभ्या खाल्ला, गोड लागला, आणि "येते माई" असंही म्हणाले. फाटकाशी आप्पांनी विचारलं, "काय म्हणाल्या? आवडला का खंड्या?" मी म्हटलं, "आवडला म्हणाल्या." लुनावर पुढे बसलेला तो माणूस सातपूर येईपर्यंत गुणगुणत होता आणि मागे माझ्या तोंडात तो पेढा परत वर येत होता.

दुसऱ्या दिवशी शेठ ती ढाल गाडीतून घेऊन आले. मी रंगाचे डबे परत न्यायला कारखान्यात गेले होते. फडकं उघडलं तर तिन्ही सिंहांच्या तोंडावर आणि कमळकळ्यांवर हिरवट-तपकिरी ठिपके. जणू देवी आल्या होत्या. शेठ ओरडले, "मिस्त्री! हे काय केलंस? तुझे हात घाम सोडतात, किती वेळा सांगितलं तुला!"

"शेठ, फडक्याशिवाय मी हात लावलेला नाही."

"मग डाग काय आभाळातून पडले?"

आप्पांचा हात आपोआप पाठीमागे गेला, शाळेत छडी खाणाऱ्या मुलाचा जातो तसा. मी चार पावलांवर उभी होते. माझ्या तोंडात उत्तर होतं आणि मी ते गिळलं. बोलावं, तर आप्पांचे हात सुटतील, पण त्यांच्या सिंहांना काय केलं गेलं ते त्यांना कळेल. न बोलावं, तर त्यांना ते कळणार नाही, पण त्यांच्या हातांना बट्टा लागेल. मी डबे उचलले आणि घरी आले.

शेठनं फर्मान काढलं, उद्यापासून मिस्त्री हाताला पिशव्या बांधून काम करील. कारखान्यात चहासाठी दूध यायचं, त्याच रिकाम्या पिशव्या धुऊन दिल्या, मनगटाला रबरबँड. बाकी कुणाला नाही, एकट्या आप्पांना. तीन दिवस ते त्या दुधाच्या पिशव्यांत हात घालून दुसऱ्या नगाला कानस मारत होते. संध्याकाळी घरी आले की आई पाणी घालायची. हात पांढरे, सुरकुतलेले, बुडालेल्या माणसाच्या हातासारखे. साबण लावा, राख लावा, आंबलेल्या दुधाचा आणि घामाचा वास हटायचा नाही. पहिल्या दिवशी ते अर्धी भाकरी खाऊन उठले. दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी प्यायले. तिसऱ्या दिवशी आईनं त्यांच्या आवडीचं सुकटीचं कालवण केलं. ताट पुढे आलं. आप्पांनी घास तोंडाजवळ नेला, थांबले, खाली ठेवला आणि म्हणाले, "चमचा आहे का गं?"

आई म्हणाली, "भाकरी चमच्यानं खाणार?"

"हाताचा वास येतो," आप्पा म्हणाले.

तेव्हा मी बोलले. पेढ्यासकट सगळं. आई भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं आप्पा आता उठून काहीतरी फोडतील, नाहीतर रडतील. त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि मला विचारलं, "हातानं शिंपडलं, का काडीनं?"

"तुळशीच्या काडीनं."

"कितीदा?"

"तीनदा."

ते उठले, पडवीत गेले, आणि बफ मारलेले पितळेचे दोन तुकडे घेऊन आले. एकावर स्वतःचा घामेजलेला पंजा दाबला, दाबून धरला. मग एक फुटका डबा घेऊन गवळ्याकडे निघाले. आई ओरडली, "तसलं काही माझ्या घरात आणायचं नाही!" म्हणून ते काम बाहेर, नाल्याच्या कडेला झालं. काडी बुडवून तीनदा. सकाळी पाहिलं तर एका तुकड्यावर बोटांची वळणं उमटलेली, सरकारी कागदावर अंगठा उठवावा तशी. आणि दुसऱ्यावर ठिपके, गोल, एका बाजूला बारीक शेपूट असलेले, हिरवट-तपकिरी.

मी आप्पांबरोबर गेले. मला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नाही. कारखान्यात मधोमध कामाचं टेबल होतं, त्यावर आप्पांनी ती ढाल ठेवली, शेजारी दोन्ही तुकडे, आणि शेठना बोलावलं. बफचं चाक थांबलं. आप्पांचा आवाज रोजच्यासारखाच होता, माप सांगताना असायचा तसा. "शेठ, हा माझा घाम. हे गाईचं. आणि हा तुमच्या घरून आलेला नग. आता तुम्हीच जोड्या लावा."

शेठनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की ते मला माहीत आहे. त्यांना स्वतःला आधी माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात किसन आपल्या चाकामागून म्हणाला, "मंग शेठ, आता पिशव्या कोनाच्या हाताला बांधायच्या?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. शेठचा चेहरा तांबडा झाला. "आईचं वय झालंय, मिस्त्री. तिच्या मनात काही नसतं. जुनी माणसं आहेत. बफ मारून टाक आणि विषय संपव."

ते वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे, वेगवेगळ्या तोंडांनी. मनात काही नसतं. मनात नसतं तर लोट्यात कुठून येतं? परवा तू हसत हसत सांगितलंस ना, तुझ्या नव्या सोसायटीतल्या काकू पूर्ण नाव काय, पूर्ण नाव काय म्हणून तीनदा विचारत होत्या, तेव्हा मी एकदम विषय बदलला होता. मला त्या तीनदामध्ये काडी दिसली.

असो. आप्पा म्हणाले, "बफ नाही मारणार. हा नग माझा." हे काय हट्टानं म्हटलं नाही, लाकडाची पारख झाल्यावर म्हणावं तसं म्हटलं. मनगटावरचे रबरबँड काढून टेबलावर ठेवले. मग उघड्या हातांनी ती ढाल उचलली, पहिल्यांदाच फडक्याशिवाय, कोपऱ्यात नेली आणि तिच्यावर लॅकर मारला. त्या डागांवरूनच. एक हात, वाळू दिला, दुसरा हात, परत वाळू दिला, तिसरा. डाग आत बंद झाले. जहाजावर दुसरा नग गेला, हा आमच्या भिंतीवर आला. आता कळलं, तुझी चिंच का लागू होत नाही? तुझ्या आजोबांनी ते जाऊ नयेत म्हणूनच ठेवलेत. किसनाच्या चाकावर दोन मिनिटांत गेले असते.

तुला वाटत असेल, आप्पांनी तिथंच नोकरी सोडली. नाही सोडली. तुझ्या बापाची शाळा होती, माझं लग्न व्हायचं होतं, आणि पॅटर्नचं काम देणारे शेठ काही रस्त्यावर पडलेले नव्हते. ते पुढेही कितीतरी वर्षं तिथंच होते, आणि ह्याचाही मला तितकाच वीट येतो, कधीकधी माईंपेक्षा जास्त. एवढंच झालं की पिशव्या परत कुणी काढल्या नाहीत, आणि आप्पांनी एक नियम केला. लॅकर बसल्याशिवाय नग कारखान्याच्या फाटकाबाहेर जाणार नाही, मुहूर्त असो की नसो. पुढची सगळी जहाजं तशीच गेली. माईंनी शिंपडायचं सोडलं नाही, मी दोनदा स्वतः पाहिलं. थेंब पडायचे, सिंहांच्या नाकावरून घरंगळायचे आणि पायरीवर सांडायचे. सिंह आपले कोरडेच. पेढा मात्र मी परत घेतला नाही. गोड चालत नाही म्हणून सांगितलं. आजही मी पेढा खात नाही. तुझ्या बारशाचा का खाल्ला नाही म्हणून तुझी आई रुसली होती, तिलाही आता हे वाचायला दे.

तेव्हा बाई, दारात लावायची तर लाव, पण त्या काकूंनी विचारलं हे डाग कसले, तर घाबरून पुसायला धावू नकोस. आधी मात्र एकदा इकडे ये. पुढच्या सुट्टीतच ये, लांबवू नकोस, माझे गुडघे आता वाट बघायला तयार नाहीत. ढाल घेऊन ये, आईच्या लुगड्याचं ते फडकं अजून आहे माझ्याकडे, त्यानं नुसती चिंच पुसून काढू. बाजरीची भाकरी करते, सुकटीचं कालवण करते. आणि हो, येशील तेव्हा तुझ्या त्या शहरी सवयीनं चमचा मागू नकोस. आपण हातानं जेवू.